खतफोडीला ‘दंगा’ म्हणू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी आठवडे बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, त्यांच्याकडची कर्जाची खते, म्हणजे कर्जरोखे, आणि हिशेबाचे कागद बाहेर काढले आणि ते जाळून टाकले. या घटनेला २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण झाली. तिच्याविषयी आजही जे लिहिले जाते, त्यात बहुतेक ठिकाणी ‘दख्खनचे दंगे’ हाच शब्द आढळतो. हा शब्द इंग्रज सरकारचा आहे. त्या सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या नावातून तो आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत उतरला. मराठीत याच उठावाला ‘खतफोडीचे बंड’ असे नाव आहे. ते मागे पडले याची मला खंत वाटते, कारण लोक कशासाठी उठले होते हे त्या नावातच सांगितलेले आहे. या पत्राचा विषय तेवढाच आहे. मात्र तो थोडक्यात सांगता येण्यासारखा नाही, म्हणून पत्राच्या लांबीबद्दल आधीच क्षमा मागते.

मी मूळची शिरूर तालुक्यातली. एकोणतीस वर्षे मी दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून काम केले आणि त्यातली बरीच वर्षे दरखास्तींच्या टेबलावर गेली. दावा संपून हुकूमनामा झाला, की त्याच्या वसुलीसाठी जी प्रकरणे चालतात त्यांना आमच्याकडे दरखास्त म्हणतात. जप्तीचे वॉरंट तयार करणे, बेलिफाच्या अहवालाची नोंद घेणे, लिलावाची जाहीर नोटीस लिहिणे हे माझे रोजचे काम होते. त्यामुळे १८७५ च्या शेतकऱ्यांनी सावकाराला जिवे न मारता त्याचे कागद का जाळले, हा प्रश्न मला पुस्तकात वाचण्याच्या आधीच भेटला होता. माझी आजी करड्याजवळच्या एका वाडीतली. तिच्या माहेरी जुन्या पडक्या जोत्याकडे बोट दाखवून ‘कागदानं घर गेलं’ असे म्हणत. दुष्काळाने गेले, साथीने गेले असे म्हणत नसत. हे बोलणे कोणत्या वर्षाचे आणि कोणाच्या घराविषयीचे, ते सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

हा उठाव सुप्याला सुरू झाला असे आपण म्हणतो, परंतु त्याची पहिली हालचाल पाच महिने आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील करडे गावी झाली होती आणि ती पूर्णपणे शांततेची होती. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या घरंदाज पण कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, त्याची मालमत्ता ताब्यात घेतली आणि त्याचे राहते घर पाडायला काढले. गावाने काळूरामाला हात लावला नाही. गावाने त्याच्याशी आणि इतर परक्या सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेते कसायची नाहीत, त्यांच्या दुकानातून जिन्नस घ्यायचा नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही असे ठरले. अखेर त्या सावकारांना पोलिसांच्या संरक्षणात आपले चंबूगबाळे शिरूरला हलवावे लागले. पाहता पाहता हा बहिष्कार आसपासच्या गावांत पोहोचला आणि काही ठिकाणी गावकऱ्यांनी त्याचे लेखी करारही केले. बाहेरून कोणी पुढारी आला नव्हता, वर्गणी जमली नव्हती. गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या जातीबाहेर काढण्यासाठी वापरलेले हत्यार येथे एका आर्थिक गाऱ्हाण्यासाठी उचलले. (त्याच हत्याराने गावगाड्याने दुर्बळांवर किती अन्याय केला हे मी विसरलेले नाही, येथे ते कोणाविरुद्ध उचलले गेले, इतकेच सांगायचे आहे.)

सुप्यानंतर हे लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर या पुणे जिल्ह्यातील आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या नगर जिल्ह्यातील तालुक्यांत पसरले आणि जून उलटण्याआधी लष्कराच्या व पोलिसांच्या बळावर ते थांबवले गेले. सुमारे हजार माणसे पकडली गेली आणि त्यांतील निम्म्यांना शिक्षा झाल्या. काही ठिकाणी घरे जळली, दुकाने लुटली गेली, माणसांना मारहाण झाली. हे मी झाकून ठेवत नाही. मात्र या सगळ्या धामधुमीत खून झाले नाहीत. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने नोंदवले आहे की जमावाचा उद्देश जवळजवळ सर्वत्र एकच होता: सावकाराजवळची खते आणि हुकूमनामे मिळवून नष्ट करणे. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले, तर बहुधा पुढे काही होत नसे. त्याने दार लावून घेतले किंवा नकार दिला, तर बळाचा वापर होई. ज्या सरकारने या लोकांना तुरुंगात धाडले, त्याच्याच आयोगाची ही साक्ष आहे. जमावाला नेमके काय हवे आहे हे इतके स्पष्ट ठाऊक असेल, तर त्या घटनेला ‘दंगा’ या मोघम शब्दात कोंबणे हे लबाडीचे नसले तरी आळसाचे निश्चित आहे.

आता प्रश्न असा, की कागदावरच राग का? सावकार पेशवाईतही होते आणि त्याआधीही होते. व्याज तेव्हाही जबर होते. परंतु त्या काळी सावकाराला वसुलीसाठी गावाच्या मर्जीची गरज होती. पाटील आणि पंच यांच्या बैठकीत त्याला आपला हिशेब मांडावा लागे आणि ऋणकोची जमीन विकून घेण्याचा मार्ग त्याला सहसा मोकळा नसे. १८१८ नंतर, आणि विशेषतः रयतवारीची, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीची, पाहणी-आकारणी होऊन प्रत्येक शेताला स्वतंत्र क्रमांक, स्वतंत्र सारा आणि स्वतंत्र खातेदार मिळाल्यानंतर, जमीन ही विकता आणि गहाण टाकता येणारी वस्तू झाली. त्याच सुमारास दिवाणी न्यायालये आली. त्यांच्यापुढे गावाचे मत चालत नव्हते, पंचांची आठवण चालत नव्हती. चालत होता तो सही किंवा निशाणी असलेला कागद. ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नाही, त्याच्या आयुष्याचा निकाल त्याला वाचता न येणाऱ्या वस्तूवर ठरू लागला. ज्या कॅप्टन विंगेटने या मुलखाची आकारणी बसवली, त्यानेच १८५२ मध्ये, म्हणजे उठावाच्या तेवीस वर्षे आधी, कायद्याने सावकाराच्या हाती दिलेल्या या सत्तेबद्दल सरकारला सावध केले होते.

त्यात भर पडली १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची. मला या कायद्याचा इतिहास विशेष शिकवून जातो, कारण तो ऋणकोच्या भल्यासाठी केलेला होता. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा केला नाही, तर तो दावा मुदतबाह्य ठरावा, म्हणजे सावकाराला जुनी भुते उकरून काढता येणार नाहीत, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात सावकाराने दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलावून नवे खत लिहून घ्यायला सुरुवात केली. नव्या खतात जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता: व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नाही. तो दंडक या नव्या खतांनी कायदेशीरपणे निकामी केला. समजा, दरमहा शेकडा दोन रुपयांनी शंभर रुपये घेतले आणि काहीच फेडता आले नाही, तर तीन वर्षांनी १७२ रुपयांचे खत, सहा वर्षांनी सुमारे २९६ रुपयांचे आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचे खत. दामदुपटीप्रमाणे हा आकडा दोनशेवर थांबायला हवा होता. न्यायाधीशासमोर मात्र फक्त शेवटचे खत येई आणि त्यावर ‘रोख पावले’ असे लिहिलेले असे. मधल्या काळात कुणब्याने जे धान्य घातले, जी गुरे दिली, जी चाकरी केली, तिची पावती त्याच्याजवळ नसे, कारण पावती देण्याची सक्ती सावकारावर नव्हती.

मग समन्स निघे. ज्या माणसाला ते वाचता येत नाही, तो त्याला घाबरून घरी बसे, किंवा ‘तू येऊ नकोस, आपण आपसात मिटवू’ या सावकाराच्या शब्दावर विसंबून राही. न्यायालयात पुकारा होई, प्रतिवादी गैरहजर, निकाल एकतर्फी. मी नोकरीला लागले तेव्हा शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरी पुकाऱ्याला उत्तर न देणारी ती रिकामी जागा मी असंख्य वेळा पाहिली आहे. त्या रिकाम्या जागेत कोण असते आणि तो का आलेला नसतो, हे निकालपत्रात कधीच येत नाही.

तरीही केवळ न्यायालये आणि खते यांनी १८७५ घडले नसते. त्याआधीची पंधरा वर्षे लक्षात घ्यावी लागतात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच काळात आपल्या भागात रेल्वेची कामे चालू होती, मजुरी होती, हाती रोकड खेळत होती. पुणे आणि नगरचा हा कोरडवाहू पट्टा काही कापसाचे आगर नव्हता, परंतु धान्याचे भाव चढले, पत वाढली आणि सावकार स्वतः दाराशी येऊन पैसे देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि हा फुगवटा बसला. नेमक्या त्यानंतरच्या वर्षांत तीस वर्षांपूर्वी बसवलेल्या साऱ्याची मुदत इंदापुरापासून एकेका तालुक्यात संपत आली, आणि तेजीच्या वर्षांकडे पाहून सरकारने नवा सारा ठरवला. काही तालुक्यांत वाढ निम्म्याहून अधिक होती, काही गावांत ती दुपटीपर्यंत गेली. भाव उतरत असताना सारा चढला. त्याविरुद्ध अर्ज झाले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने रयतेची बाजू आकड्यांनिशी मांडली, आणि १८७४ मध्ये सरकारला आपल्याच वाढीवर मर्यादा घालावी लागली. पण तोवर बराच उशीर झाला होता.

आणि येथे ती गोष्ट येते, जिच्याकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे. सरकारचा सारा रोकडीत भरावा लागे आणि तो पिकाची विक्री होण्याआधीही द्यावा लागे. कुणब्याजवळ ती रोकड नसे. सावकार त्याच्या वतीने सारा भरे आणि ती रक्कम खात्याला लावी. म्हणजे सरकारची वसुली वेळेवर होत होती ती सावकाराच्या तिजोरीतून, आणि सरकारचे न्यायालय सावकाराला ती व्याजासह परत मिळवून देत होते. शेतकरी या दोघांच्या मधला दुवा होता. १८७४-७५ च्या हंगामात सावकारांनी हात आखडता घेतला. जमिनीच्या तारणावर आणखी उधारी देण्यात त्यांना फायदा दिसेना आणि कित्येकांनी कुळांचा सारा भरायचे नाकारले. तोपर्यंत सावकार कितीही नागवत असला तरी अडीनडीला उभा राहत होता. आता जुने खत त्याच्या पेटीत राहिले, आणि आधार मात्र काढून घेतला गेला. करड्याचा बहिष्कार आणि सुप्याचा उठाव याच हंगामातले आहेत, हा योगायोग नाही.

हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे या उठावाची जी दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात ती अपुरी का आहेत ते कळते. पहिले स्पष्टीकरण असे, की हा परप्रांतीयांविरुद्धचा जातीय द्वेष होता. हल्ले झाले ते प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले, आणि ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर स्थानिक सावकार त्यांच्या जोडीने व्यवहार करत होते तेथे त्या स्थानिकांना सहसा हात लागला नाही, ही वस्तुस्थिती आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. त्या जमावात परक्याविषयीची अढी नव्हती असे मी म्हणणार नाही. पण केवळ अढी असती तर ती पन्नास वर्षे आधीही उफाळली असती, आणि मग घरातला कागद मिळाल्यावर जमाव निघून गेला नसता. स्थानिक सावकाराला गावात लेकीसुनांचे संबंध सांभाळायचे असत, त्याला पंगतीत बसायचे असे. तो न्यायालयाचा दोर शेवटपर्यंत ओढत नसे. ज्याला गावाशी असे कोणतेही नाते नव्हते, त्याने नव्या कायद्याची सत्ता पुरेपूर वापरली. लोकांचा राग त्या सत्तेवर होता आणि ती ज्यांच्या हातात दिसली त्यांच्यावर तो निघाला. आज कोणी या उठावाचा दाखला देऊन एखाद्या समाजाविरुद्ध बोलत असेल, तर तो त्या शेतकऱ्यांची बदनामी करतो.

दुसरे स्पष्टीकरण भुकेचे. माणसे उपाशी होती, म्हणून पेटली. खरे तर या मुलखातला महाभयंकर दुष्काळ १८७६ मध्ये सुरू झाला आणि १८७८ पर्यंत चालला. खतफोडी त्याच्या आधीची आहे. दुष्काळात माणसे गाव सोडून गेली, खडी फोडण्याच्या कामांवर गेली, मेली. त्या काळात त्यांनी खते जाळली नाहीत. भूक माणसाला धान्याच्या कोठाराकडे नेते. सुप्याला धान्याची दुकानेही लुटली गेली हे खरे, पण पारनेरपासून इंदापूरपर्यंत गावोगाव जी एक गोष्ट सारखी घडली, ती होती कागद मागण्याची.

त्या काळात पसरलेली एक अफवा आयोगाने नोंदवून ठेवली आहे. कोणा एका साहेबाची मालमत्ता मारवाड्यांनी कर्जापायी जप्त केली, त्याने विलायतेत राणीकडे दाद मागितली, आणि राणीने हुकूम काढला की सावकारांनी रयतेची खते परत द्यावीत, असे लोक एकमेकांना सांगत होते. या अफवेकडे अडाणीपणाचा नमुना म्हणून पाहिले जाते. मला तिच्यात फार मोठा विश्वास दिसतो. या माणसांना वाटत होते की आपण कायदा मोडत नाही, वरचा एक हुकूम आहे आणि मधल्यांनी तो दाबून ठेवला आहे. कागदाने केलेला अन्याय दूर करायला त्यांनी कल्पनेतसुद्धा दुसरा, अधिक मोठा कागदच शोधला.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात येते. तिला पुरावा नाही, ते माझे मत म्हणून वाचावे. भीमथडीचा कुणबी वारकरी होता. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुष्काळानंतर त्यांनी घरातल्या कर्जखतांपैकी धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा त्याने कीर्तनात लहानपणापासून ऐकलेली होती. ज्या मुलखात खते बुडवणारा सावकार संतपदाला पोहोचला, तेथे न बुडवणाऱ्या सावकाराची खते आपण बुडवावीत असे कोणाला वाटले, तर ते विचार कोठून आले हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. शिवाय कर्ज फिटले की खत फाडून टाकायचे, ही व्यवहारातली जुनी रीत होती. मला वाटते, खत फाडताना ते शेतकरी ‘आम्ही देणार नाही’ असे म्हणत नव्हते. ‘आम्ही केव्हाच दिले आहे’ असे ते म्हणत होते.

आयोगाने काही गावांची तपशीलवार पाहणी केली. नगर जिल्ह्यातील बारा गावांत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले आढळले. त्यांचे कर्ज साऱ्याच्या सरासरी अठरा पट होते आणि त्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग जमिनीच्या गहाणावर होता. आयोगातही एकवाक्यता नव्हती. ऑकलंड कॉल्विन या सदस्याने साऱ्याच्या वाढीवर स्वतंत्रपणे बोट ठेवले, तर सरकारचा कल सावकार आणि न्यायपद्धती यांच्याकडे दोष वळवण्याचा राहिला. ते सरकारच्या सोयीचे होते, कारण सावकाराला आवर घालता येत होता, सारा सोडता येत नव्हता. हा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

या कायद्याची कलमे मी नोकरीत असताना एका जुन्या प्रतीत वाचली. न्यायाधीशाने केवळ खतावर निकाल देऊ नये. व्यवहार पहिल्यापासून कसा झाला, मूळ रक्कम किती, त्यात व्याज किती मिसळले, हे खणून काढावे. प्रतिवादीला बोलावून त्याची साक्ष घ्यावी. पैसे पोहोचल्याची पावती सावकाराने दिलीच पाहिजे. शेतकऱ्याने मागितल्यास वर्षाचा हिशेब आणि पासबुकही दिले पाहिजे. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही. मुदत वाढवावी, म्हणजे वारंवार नवे खत करून घेण्याचे निमित्त उरणार नाही. ही कलमे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण सुप्याच्या रस्त्यावर जे मागितले गेले होते तेच येथे कायद्याच्या भाषेत लिहिलेले होते: कागदाच्या मागे जाऊन पाहा. ज्यांना त्या मागणीसाठी सक्तमजुरी भोगावी लागली, त्यांची नावे मात्र या कायद्याशी कोणी जोडली नाहीत.

कायद्याने सर्व सुधारले असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. गहाणखताची चौकशी होते म्हटल्यावर सावकार सरळ खरेदीखत मागू लागले. जमीन विकल्याचा कागद करायचा आणि पैसे फेडले की परत देऊ, अशी तोंडी बोली ठेवायची. म्हणून १९०७ मध्ये कायद्यात भर घालून, खरेदीखत हे वास्तविक गहाणच होते हे सिद्ध करण्यासाठी तोंडी पुरावाही घेता येईल, अशी तरतूद करावी लागली. तो कायदा पुढे रद्द झाला. १९२९ च्या दुरुस्तीपासून मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानुसार फेरखरेदीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर त्या व्यवहाराला गहाण मानत नाहीत, आणि लेखी दस्ताच्या विरोधात तोंडी बोली सहसा ऐकली जात नाही.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एक शेतकरी आमच्या टेबलासमोर आला होता. मुलीच्या लग्नासाठी त्याने गावातल्याच एकाकडून पैसे घेतले होते आणि तारण म्हणून सव्वा एकराचे खरेदीखत करून दिले होते. व्याज तो तीन वर्षे भरत होता. पावती अर्थातच नव्हती. सातबाऱ्यावर फेरफार झाला, ताबा मागणारा दावा झाला, समन्स घरच्या कोणीतरी घेतले आणि हा आला तो थेट बेलिफाने वॉरंट बजावल्यानंतर. ‘बाई, मी जमीन विकलेलीच नाही’, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. माझ्या समोरच्या फाइलीत नोंदणीकृत खरेदीखताची प्रत होती, तिच्यावर त्याचा फोटो होता आणि त्याचा अंगठा होता. त्याला वकिलाकडे पाठवण्यापलीकडे मला काहीही करता आले नाही, आणि ते दुःख अजून गेलेले नाही.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्याने जिल्हा उपनिबंधकांना असा अधिकार दिला आहे, की एखादा दस्त अवैध सावकारीतील कर्जाच्या तारणापोटी करून घेतला होता असे चौकशीअंती आढळल्यास तो रद्दबातल ठरवून मालमत्ता मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढता येतो. १८७९ च्या कायद्यातला तोच धागा येथे पुन्हा दिसतो. तरतूद चांगली आहे. पण ती वापरण्यासाठी शेतकऱ्याला ती ठाऊक हवी, त्याने अर्ज करायला हवा, आणि व्यवहार सावकारीचा होता हे दाखवणारे काहीतरी त्याच्या हाती हवे. बँकेतून दिलेला एखादा हप्ता, मोबाइलवरचा एखादा संदेश, चिठ्ठीवर लिहिलेला हिशेब, साक्षीदार, असे काहीही जपून ठेवावे, हे गावोगावच्या सोसायट्यांच्या आणि तलाठी कार्यालयांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले मला पाहायचे आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती आहे की यापुढे १८७५ च्या या घटनेचा उल्लेख करताना ‘खतफोडीचे बंड’ हे नाव वापरावे, आणि शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांनीही त्याचा विचार करावा. त्याबरोबरच सुप्याआधीच्या करड्याच्या बहिष्काराला दोन ओळी तरी मिळाव्यात. मुलांनी परीक्षेत १२ मे १८७५ ही तारीख लिहावी, परंतु त्या दिवशी लोकांनी काय जाळले आणि त्या कागदावर काय लिहिलेले होते, हेही त्यांना सांगता यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
ता. शिरूर, जि. पुणे